वाळत ठेवलेला हत्ती: मुलांसह कलाकेंद्राच्या पाच फेऱ्या

उपनगरातल्या कलाकेंद्रात मुलांना न्यायचं म्हटलं की बहुतेक वेळा एकाच दिवसाचा बेत आखला जातो. सकाळी मातीकाम, दुपारी छपाई, संध्याकाळी हातात वस्तू घेऊन घरी. माती मात्र या वेळापत्रकात बसत नाही. वस्तू घडवायला तास पुरतो. वाळायला आठ-दहा दिवस जातात, दमट हवेत त्याहून जास्त. मग भट्टीतली पहिली भाजणी, निवणं, ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप), दुसरी भाजणी आणि पुन्हा निवणं. म्हणून ही भेट पाच आठवड्यांत विभागून पाच फेऱ्यांची केली. सहा मुलं होती, धाकटा पाच वर्षांचा आणि सगळ्यांत मोठी अकराची. सोबत तीन मोठी माणसं. दोन मुलांमागे एक मोठं माणूस हे प्रमाण मातीकामाला आणि छपाईला अगदी योग्य पडलं.

पहिला दिवस, शनिवार: नुसतं बघायचं

पहिल्या दिवशी काही बनवायचं नाही, हे निघण्याआधीच मुलांना सांगितलं होतं. नवीन जागेत मुलांचा पहिला अर्धा तास नळ कुठे, स्वच्छतागृह कुठे, कोण रागावतं आणि कोण नाही हे शोधण्यात जातो. तो अर्धा तास मातीच्या वर्गातून गेला तर वर्ग वाया जातो.

पाऊस होता. इमारत दुमजली. खाली मातीकाम, छपाई आणि प्रदर्शनाचं दालन, वर नाच आणि संगीत. स्वागतकक्षातल्या ताईंनी मुलांना या रचनेचं कारण विचारलं आणि उत्तरही त्यांच्याचकडून काढून घेतलं. भट्टी जड असते, मातीची पोती जड असतात, आणि चिखलाची फरशी धुता यायला हवी, म्हणून ओली कामं तळमजल्यावर. ढोल मात्र वर ठेवावे लागले होते, त्यामुळे दालनातल्या छताला आवाज शोषणारे तक्ते लावलेले होते. ते मुलांनी स्वतः शोधून काढले.

दालनात वीस मिनिटं ठरवली होती, त्याहून एक मिनिटही जास्त नाही. लहान मुलांना सगळी चित्रं दाखवायची नसतात. तीन दाखवावीत, आणि ती मुलांनी निवडलेली असावीत. एक साधी गोष्ट मोठ्यांच्या लक्षात येत नाही. चित्रं टांगताना त्यांचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर धरतात, म्हणजे मोठ्या माणसाच्या नजरेच्या जवळपास. पाच वर्षांच्या मुलाचे डोळे मीटरभर उंचीवर असतात. खालून वर बघताना काचेवर त्याला दिव्याची चकाकी दिसते आणि चित्र दिसतच नाही. दोन-तीन मीटर मागे सरकलं की चकाकी जाते. शंका असेल तर मुलाशेजारी गुडघे टेकून बसा आणि त्याला काय दिसतंय ते आधी आपण बघा.

कागदावरच्या कामांची खोली अंधारी होती. धाकट्याला वाटलं दिवे गेलेत. जलरंग आणि जुने छाप उजेडाने फिके पडतात, म्हणून अशा दालनात प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवतात. डोळे रुळायला काही मिनिटं लागतात. दारातच थांबून मुलांना हळूहळू शंभर आकडे मोजायला लावले, आणि मोजून होईपर्यंत भिंतीवरचं एक झाड त्यांना दिसायला लागलं होतं.

इथे भेटलेले सुरक्षारक्षक काका या दिवसाची खरी कमाई. मुलं चित्राजवळ गेली की ओरडायचं, ही त्यांची रीत नव्हती. त्यांनी एकेकाला तैलचित्राच्या अगदी बाजूला, भिंतीला जवळजवळ टेकून उभं केलं आणि चित्रावरून तिरकं बघायला सांगितलं. समोरून गुळगुळीत दिसणारं आकाश बाजूने शेतातल्या सऱ्यांसारखं दिसतं. ब्रश कुठून कुठे गेला, कुठे थांबला, सगळं. हात लावायचा नाही याचं कारणही त्यांनी नीट सांगितलं: बोटावरचा घाम, मीठ आणि तेल रंगात किंवा धातूत मुरतं आणि पुढे तिथेच डाग उमटतो. त्यानंतर एकाही मुलाने हात पुढे केला नाही.

दालनात चित्र काढायला द्यायचं असेल तर पेन्सिलच न्या. पेन आणि रंग बहुतेक ठिकाणी आत चालत नाहीत. पाठीवरची दप्तरं बाहेर ठेवा किंवा पोटावर अडकवा, कारण मागे वळताना मुलांना आपल्या दप्तराचा अंदाज नसतो. आणि ‘हे काय आहे?’ असं विचारण्याऐवजी ‘काय दिसतंय?’ विचारा, मग ‘कशावरून?’ विचारा. दुसऱ्या प्रश्नाने मूल पुन्हा चित्राकडे वळतं.

वर नाचाच्या खोलीत पाच मिनिटं. जमीन लाकडी, खाली पट्ट्या आणि पोकळी असल्यामुळे उडी मारली की किंचित दबते. गुडघ्यांना धक्का कमी बसावा म्हणून ही सोय. बूट बंद, कारण तळव्याला चिकटलेले खडे जमीन ओरखडतात. मोजेही नकोत, मोज्यांनी मुलं घसरतात. अनवाणीच जायचं.

खाली परतताना भट्टीघराच्या दाराशी भट्टी सांभाळणारे काका भेटले. फळीवर न भाजलेली कोरडी भांडी होती. ‘हात पाठीमागे बांधा, मग आत या,’ एवढंच म्हणाले. कोरडी कच्ची माती दगडासारखी दिसते पण बिस्किटापेक्षा ठिसूळ असते. कप कानाने उचलला तर कान हातात येतो.

नोंदणी करताना विचारून घ्यायच्या चार गोष्टी: एका शिक्षकामागे किती मुलं, दोन्ही भाजण्या शुल्कात धरल्या आहेत का, वस्तू किती दिवस सांभाळून ठेवतात, आणि ग्लेझ मुलांनी लावायचं की केंद्र लावतं. शेवटचा प्रश्न विसरू नका. ग्लेझ केंद्राने लावलं तर अर्धी मजा गेली.

दुसरा दिवस, रविवार: माती

नखं कापलेली, केस बांधलेले, बाह्या कोपरापर्यंत, पायात बंद बूट, अंगात जुना सुती शर्ट. मातीचा डाग वाळल्यावर झटकला की बराचसा जातो, म्हणून त्याची धास्ती नको. अॅक्रिलिक रंगाचा डाग मात्र वाळला की जात नाही, तो ओला असतानाच गार पाण्याने धुवावा लागतो.

मुलांना चाक हवं होतं. सगळ्यांनाच हवं असतं. पण आठ-नऊ वर्षांच्या आतल्या मुलांना चाकावर माती मध्यावर आणणंच जमत नाही, कारण ते काम बोटांचं नसून कोपर मांडीला टेकवून अंगाचं वजन देण्याचं आहे. वीस मिनिटं चिखल उडतो आणि शेवटी शिक्षकांनीच बनवलेली वाटी मुलाच्या हातात येते. हाताने घडवलेली वस्तू वाकडी असली तरी पूर्णपणे त्याची असते. मोठ्या दोन मुलींना शेवटी दहा मिनिटं चाकावर बसवलं, बाकीच्यांनी ते पाहिलं.

प्रत्येकाला अर्धा किलो माती, म्हणजे मोठ्या मोसंब्याएवढा गोळा. शिक्षिकाताईंनी माती आधी मळून ठेवली होती. मळण्याने ओलावा सगळीकडे सारखा होतो आणि हवेचे पोकळ कप्पे निघून जातात. ‘हवेचा बुडबुडा राहिला की भांडं भट्टीत फुटतं’ असं सगळीकडे सांगितलं जातं. खरं कारण पाणी आहे. जाड मातीच्या पोटात ओल राहिली आणि भट्टी शंभर अंशांच्या पुढे घाईने गेली, तर त्या पाण्याची वाफ होते. वाफेला पाण्याच्या सोळाशेपट तरी जागा लागते, ती मिळाली नाही की भांड्याचे तुकडे. म्हणून नियम दोन: भिंत सगळीकडे सारखी, ६ ते ८ मिलिमीटर, आणि बंद पोकळीला एक भोक.

पहिला प्रकार चिमटीची वाटी. गोळा डाव्या तळहातावर, उजवा अंगठा मध्यभागी तळापासून बोटभर अंतर राहील इतका आत, मग अंगठा आणि चार बोटांनी चिमटीत धरून फिरवत जायचं. चिमटा, थोडं फिरवा, चिमटा. सुरुवात तळापासून. लहान मुलं काठापासून सुरू करतात, काठ पातळ होऊन फाकतो आणि वाटीची बशी होते. तसं झालंच तर काठ मिटून दहा मिनिटं तशीच ठेवायची, थोडी घट्ट झाली की पुन्हा उभी राहते.

दुसरा प्रकार लाटलेली पोळी. खाली जाड कापड, नाहीतर माती टेबलाला चिकटते. गोळ्याच्या दोन्ही बाजूंना ७ मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवल्या आणि लाटणं त्या पट्ट्यांवरून फिरवलं की जाडी आपोआप सारखी येते. दोनदा लाटून झालं की पोळी उलटायची आणि पाव फेरा वळवायची. एकाच दिशेने लाटलेली पोळी वाळताना त्याच दिशेने वाकते.

धाकट्याला हत्ती हवा होता. तोही सोंड वर केलेला. ताईंनी त्याला दोन चिमटीच्या वाट्या करायला लावल्या आणि त्या तोंडाला तोंड लावून जोडल्या, की हत्तीचं पोकळ पोट तयार. जोडण्याची रीत सगळ्यांनी एकदा तरी जवळून बघावी. जिथे जोड येणार त्या दोन्ही कडा जुन्या काट्याने उभ्या-आडव्या खरवडायच्या, दोन मिलिमीटर खोल. त्यावर त्याच मातीची दाट लापशी ब्रशने लावायची. मग दोन्ही कडा एकमेकींवर दाबून किंचित हलवायच्या, पकड बसल्याचं बोटांना कळतं. बाहेर आलेली लापशी बोटाने पसरवायची आणि सांध्यावर मातीची बारीक दोरी दाबून पुसायची. खरवडल्याशिवाय नुसतं पाणी लावून चिकटवलेले पाय, कान आणि शिंगं वाळली की गळून पडतात. मुलांच्या वर्गात सगळ्यांत जास्त मोडतोड होते ती याच एका आळसापायी.

पोटाखाली सुईने भोक. पाय जाड झाले होते, म्हणून खालून पेन्सिल खुपसून तेही पोकळ केले. सोंडेबद्दल ताईंनी सावध केलं: बाहेर आलेला बारीक भाग आधी वाळतो, आधी आकसतो आणि मुळाशी तडकतो. सोंड पायाला टेकवली तर टिकेल. धाकट्याने मान हलवली, नको. सोंड वरच राहिली.

मुलांच्या टेबलावर पाण्याची वाटी ठेवू नका. वाटी दिसली की बोटं बुडतात, माती चकचकीत होते, मग मऊ पडते, मग बसते. त्याऐवजी प्रत्येकाला एक ओला, घट्ट पिळलेला स्पंज द्या.

पाच ते सात वयाच्या मुलांचं लक्ष चाळीसेक मिनिटं टिकतं. त्यानंतर ती स्वतःचंच केलेलं काम मोडायला लागतात. झालेली वस्तू आधीच फळीवर नेऊन ठेवा आणि मोडायला वेगळा गोळा द्या. मोठी मुलं दीड तास आरामात बसतात.

तळाशी बोथट पेन्सिलने आद्याक्षरं, ओल्या मातीतच. वरून रंगाने किंवा पेनाने लिहिलेलं नाव भट्टीत जळून जातं. तळाचा फोटोही काढून ठेवा, फळीवर वीस मुलांच्या वीस सारख्या वाट्या असतात. भट्टीवाल्या काकांनी हत्ती शेपटीपासून कपाळापर्यंत मोजायला सांगितला. १२ सेंटिमीटर. वहीत लिहिला.

आवराआवर हाही वर्गाचा भाग. वाळलेल्या मातीचे कण झाडूने झाडायचे नाहीत. त्यातली सिलिकाची, म्हणजे गारगोटीची, बारीक धूळ हवेत उडते आणि फुप्फुसाला वाईट. ओल्या स्पंजनेच पुसायचं. हात आधी एका बादलीत, मग दुसऱ्या बादलीत, सगळ्यात शेवटी नळाखाली. थेट नळाखाली धुतले तर माती पाइपात बसते आणि मोरी तुंबते. डबा त्यानंतर, आणि बाहेरच्या कट्ट्यावर. पाऊस थांबला होता, कट्टा ओला होता, सगळ्यांनी उभ्यानेच फळांच्या फोडी खाल्ल्या.

हत्तीवर पातळ प्लास्टिक सैल टाकलं, सोंडेला आणि कानांना वेगळी पट्टी गुंडाळली. खाली वर्तमानपत्र, म्हणजे आकसताना तळ सरकू शकतो.

पुढचा शनिवार: छपाई, ढग आणि मोडलेली सोंड

आठवडाभर हवा दमट होती. वस्तू वाळली का हे बघायची जुनी खूण म्हणजे तळ गालाला लावून पाहणं. गार लागला तर आत पाणी आहे. सगळे तळ गार लागले. भट्टी आठवडाभर पुढे ढकलली, आणि ते बरोबरच होतं.

हत्तीच्या सोंडेवरची पट्टी मधल्या दिवसांत सरकली होती. सोंड पांढरी पडून कोरडी झाली होती, पोट अजून गडद आणि ओलसर. ताई म्हणाल्या होत्या तसंच, मुळाशी तडा. ट्रे उचलताना सोंड खाली आली, अखंड, फक्त वेगळी. धाकटा पाणी आणायला धावला. भट्टीवाल्या काकांनी त्याला थांबवून दुसऱ्या एका तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकून दाखवला. कोरडी कच्ची माती पाणी पिते आणि तिथल्या तिथे विरघळून भुगा होते. कोरड्यावर ओली मातीही धरत नाही, कारण ओली नंतर आकसते आणि पुन्हा सुटते. सोंड खोक्यात, खोक्यावर नाव. दोन्ही वेगळे भाजायचे, जोड अगदी शेवटी.

तिथून छपाईच्या खोलीत. लिनो (छापासाठी कोरायचा लिनोलियमचा तक्ता) कोरायला दहा वर्षांच्या आत देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. हत्यार घसरतं आणि धरलेल्या दुसऱ्या हातात जातं. मोठ्या मुलींना दिलं तेव्हा दोन गोष्टी पाळल्या: लिनो आधी गरम करून मऊ केलेला, आणि टेबलाला अडकणारी लाकडी पाटी, जिच्या कडेला लिनो टेकतो. धरणारा हात नेहमी हत्याराच्या मागे. लहानांना फोमचे तक्ते आणि बोथट पेन्सिल. रेघ दाबून काढायची, फोम फाडायचा नाही.

अक्षरं उलटी छापतात हे मुलांना सांगून पटत नाही, एकदा छापलं की पटतं. नाव हवंच असेल तर ते पातळ कागदावर लिहून कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर धरा आणि मागून दिसणारं फोमवर गिरवा.

शाई किती, हे कानाने कळतं. काचेवर चमचाभर शाई, रोलर पुढे नेऊन उचलायचा, पुन्हा ठेवायचा. शाई जास्त असेल तर रोलरखाली चिकट, पचपच आवाज येतो आणि शाईवर संत्र्याच्या सालीसारखे खळगे दिसतात. बरोबर असेल तेव्हा बारीक, सलग सळसळ ऐकू येते, रेशमी कापड हातातून सरकल्यासारखी. ताईंनी सगळ्यांना डोळे मिटायला लावून हे दोन आवाज ओळखायला लावले. सहाच्या सहा मुलांनी ओळखले.

कागद १२० ते १५० ग्रॅमचा, गुळगुळीत. शाई लावलेल्या फोमवर किंवा लिनोवर कागद ठेवला की तो सरकू द्यायचा नाही, एका हाताने धरायचा आणि दुसऱ्या हाताने लाकडी चमच्याच्या पाठीने मधून बाहेर गोल घासायचं. एक कोपरा उचलून बघायचा, फिकट वाटला तर परत टेकवून घासायचं. पहिला छाप जवळजवळ नेहमी फिका येतो, कारण कोऱ्या फोमवर शाई नीट बसलेली नसते. तिसरा-चौथा चांगला. म्हणून प्रत्येकाला किमान सहा कागद हवेत. पाण्याची शाई उन्हाळ्यात पंख्याखाली पाच मिनिटांत वाळायला लागते. छापताना पंखा बंद, छाप दोरीवर टांगल्यावर चालू.

दुपारी उन्हाचे निळे छाप ठरले होते. सायनोटाइप, इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधून काढलेली रीत. लोहाच्या क्षारांचं मिश्रण कागदाला लावून अंधारात वाळवतात, त्यावर पान ठेवून उन्हात धरतात. अतिनील किरण लागलेला भाग पाण्यात धुतल्यावर निळा राहतो, झाकलेला पांढरा. मुलांसाठी लेप दिलेला तयार कागदच घ्यावा. मिश्रण करणं मोठ्या माणसाचं, हातमोजे घालून करायचं काम.

पण आभाळ भरलेलं होतं. कडक उन्हात पाच-सात मिनिटं पुरतात, ढगात किती? इथे ताईंनी मुलांना चाचणीची पट्टी करायला लावली, आणि पाचही फेऱ्यांमधला हा अर्धा तास मला सगळ्यांत मोलाचा वाटला. कागदाची एक पट्टी पुठ्ठ्याने झाकायची आणि दर पाच मिनिटांनी पुठ्ठा दोन बोटं मागे सरकवायचा. धुतल्यावर एकाच पट्टीवर निळ्याच्या पायऱ्या दिसतात. आमच्या पट्टीवर पाच मिनिटांना राखाडी धूर, पंधराला फिकट आभाळी, पंचवीसला खरा निळा. मग सगळ्यांचे कागद पंचवीस मिनिटं बाहेर.

पानं कोरडी हवीत. पावसाने भिजलेलं पान ठेवलं तर त्याच्या पाण्याने लेप सुटतो आणि ओघळ उमटतात. पान काचेखाली सपाट दाबलेलं हवं, कडा उचललेली राहिली तर रेघ धूसर. पातळ पान घेतलं तर शिराही उतरतात. धुणं साध्या पाण्यात पाच मिनिटं, पिवळट-हिरवी झाक पूर्ण जाईपर्यंत. अर्धवट धुतलेला छाप नंतर काळवंडतो. ओला छाप फिका दिसला म्हणून मुलं हिरमुसतात, पण वाळताना निळा दिवसभर गडद होत जातो. घरी भिंतीवर लावताना थेट ऊन टाळा.

कागद बाहेर असेपर्यंतची पंचवीस मिनिटं अंधाऱ्या नाट्यखोलीत सावल्यांत गेली. दिवा एकच आणि छोटा हवा. दोन दिवे असतील तर सावल्याही दोन पडतात. बाहुली दिव्याजवळ नेली की सावली मोठी आणि धूसर, पडद्याजवळ नेली की लहान आणि धारदार. बाकी काही शिकवावं लागलं नाही.

त्यानंतर दोन आठवड्यांनी: ग्लेझ

पहिली भाजणी झाली होती, हजार अंशांच्या आसपास. काकांनी नोंदवही उघडून दाखवली. सुरुवातीला तासाला साठ-सत्तर अंश, शंभरच्या खाली काही तास मुक्काम. मग ५७३ अंशांवर पेन्सिलीने गोल केलेला. त्या तापमानाला मातीतल्या गारगोटीचे स्फटिक एकदम आकार बदलतात, चढतानाही आणि उतरतानाही. घाई केली की तिथे सूक्ष्म तडे जातात. म्हणून भट्टी बंद केल्यावर निवायला दिवसभर द्यावा लागतो, आणि दार शंभर अंशांच्या खाली आल्याशिवाय उघडत नाहीत.

हत्ती फिकट गुलाबी झाला होता. त्यावर पाण्याचा थेंब टाकला की क्षणात आत. ग्लेझ बसतं ते याच तहानेमुळे: वस्तू पाणी पिते, पूड वर राहते. तेलकट बोट लागलेल्या जागी वस्तू पाणी पीत नाही आणि भाजल्यावर तिथे टक्कल दिसतं. त्यामुळे आज डबा काम झाल्यावरच, आणि क्रीम लावलेल्या हातांनी काम नाही. सुरुवातीला ओल्या स्पंजने धूळ पुसून घेतली, धुळीवरचं ग्लेझ सुटतं.

रंग बादलीत बघून निवडायचा नाही. बादलीतला फिका जांभळट द्रव भाजल्यावर गडद निळा होतो, कारण त्यात कोबाल्ट आहे. भिंतीवर भाजलेल्या नमुन्यांच्या फरशा टांगलेल्या असतात, त्यांवरूनच निवडा. मुलांना ही गोष्ट पटवायला वेळ लागतो आणि तो द्यावा. धाकट्याने भिंतीसमोर बराच वेळ घालवला आणि राखाडी सोडून निळा घेतला.

ग्लेझ तळाशी बसतं, म्हणून बादली दर काही मिनिटांनी ढवळायची. मऊ ब्रशने तीन हात. पहिल्याची चमक गेली की दुसरा, तो आडव्या दिशेने, मग तिसरा. एकच जाड हात दिला तर भाजताना ओघळतो. खालून तीन मिलिमीटर पट्टा आणि पायांचे तळ पूर्ण पुसलेले हवेत, कारण ग्लेझ म्हणजे वितळलेली काच. तळाला राहिली तर वस्तू भट्टीच्या फळीला कायमची चिकटते. हत्तीला चार तळ, सोंडेला एक मोडलेली कड, आणि शरीरावरचीही तीच कड. दोन्ही कोऱ्या ठेवल्या. कप-वाटी असेल तर खाण्यापिण्याच्या भांड्यांना चालणारं ग्लेझ आहे का, हे विचारूनच लावा.

ग्लेझच्या दोन हातांच्या मधल्या वेळात पुठ्ठ्यावरचं विणकाम. १५ बाय २० सेंटिमीटर पुठ्ठा, दोन्ही आखूड कडांना दर ५ मिलिमीटरवर खाच, ताणा (उभे धागे) सुताचा, बाणा (आडवा धागा) लोकरीचा. सगळ्यांचं एकच बिघडलं: मध्ये कंबर झाली. बाणा ओढून सरळ केला की कडा आत येतात. धागा डोंगरासारखा कमानीत टाकायचा आणि मग फणीने खाली बसवायचा. कमानीत टाकलेला जास्तीचा धागा वर-खाली जाण्यात खर्च होतो आणि कड सरळ राहते.

शेवटचा शनिवार, आणखी दोन आठवड्यांनी

भट्टी १,२२० अंशांवर गेली होती. आतल्या फळीवर तीन छोटे शंकू होते, एक ताठ, एक वाकून टेकलेला, एक लोळलेला. तापमापक फक्त त्या क्षणाचं तापमान सांगतो. वस्तूने किती वेळ किती उष्णता पचवली, हे शंकूच्या वाकण्यावरून कळतं. जर्मन रसायनतज्ज्ञ हर्मान सेगर यांनी १८८६ मध्ये ही सोय काढली आणि आजही भट्टीवाले आकड्याइतकाच शंकूवर विश्वास ठेवतात. काकांनी वाकलेला शंकू धाकट्याला देऊन टाकला.

वस्तू अजून कोमट होत्या. खोलीत शांत उभं राहिलं की अधूनमधून टिण्ण, टिण्ण असा नाजूक आवाज येत होता. निवताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतं आणि त्यात केसाएवढ्या रेघा पडतात, त्याचा तो आवाज. शोभेच्या वस्तूला चालतं, पाण्याच्या कपाला नको. कुणाच्या वाटीतून आवाज येतोय हे मुलांनी कान लावून शोधलं.

हत्ती गडद निळा झाला होता, कानांच्या कडांवर ग्लेझ पातळ होऊन खालची तपकिरी माती दिसत होती. सोंड जोडायला दोन नळ्यांचा इपॉक्सी गोंद, दोन्ही भाग समसमान, आगपेटीच्या काडीने मिनिटभर घोटलेला. कोऱ्या ठेवलेल्या दोन्ही कडांना पातळ थर, जुळवून दाबलं आणि सोंड वर राहावी म्हणून हत्ती वाळूच्या वाटीत मागच्या पायांवर तिरका रोवला. अर्ध्या तासात धरतो, पूर्ण ताकद चोवीस तासांनी. त्यामुळे घरी जाताना हत्ती वाटीसकट मांडीवर.

निघण्याआधी काकांनी वही काढली. धाकट्याने तीच पट्टी शेपटीपासून कपाळापर्यंत लावली, दोनदा वाचली आणि १२ च्या खाली लिहिलं: १०.६.